किटलीतली राख

"...मग माणसं येतात आणि निघून का जातात, बुवा?"

हा प्रश्न विचारला मन्मथ उटगेने. लातूरचा पोरगा, वय सव्वीस. ज्यांना विचारला ते सोमगीर बुवा, आमच्या माळावरच्या मठाचे गोसावी, वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे. बुवांनी प्रश्न ऐकला की नाही ते कळलं नाही. ते राख चाळत होते.

राख चाळायला दोन माणसं लागतात. जुन्या धोतराचा एक तुकडा. दोन टोकं बुवांच्या हातात, दोन माझ्या. खाली घमेलं. धुनीतली राख मधे टाकायची आणि हलके हलके झुलवायची. मी निवृत्त पोस्टमास्तर आहे आणि ही दोन टोकं एकोणीस वर्षं धरतो आहे.

"बुवा, मी विचारलं…"

"ऐकलं की. कुठून जातात म्हणालास?"

"माझ्या सर्व्हरवरून."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग मन्मथने आम्हा दोघांना समजावून सांगितलं. मला कळलं तेवढं लिहितो. कंप्युटरवर एक जग तयार करायचं, त्या जगालाच ही मुलं सर्व्हर म्हणतात. कुणीही, कुठूनही, मोबाइलवरून त्यात शिरायचं. माती खणायची, घरं बांधायची, एकमेकांशी लढायचं, सगळं एकत्र. थोडक्यात आमच्या माळासारखंच, फक्त पायाला काटे टोचत नाहीत.

हे जग उघडण्यासाठी त्याने वर्षापूर्वी पुण्याची नोकरी सोडली होती. आता जुन्या कंपनीने परत बोलावलं होतं, आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्या दिवशी शनिवार होता.

"नाही जमलं तर बंद करतो आणि जातो," तो म्हणाला. हे बोलताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

आमच्याकडे तो आला त्याला कारण होतं. त्याचे मामा आमच्या गावचे. त्यांनी त्याला सांगितलं होतं, की मठापुढच्या मैदानात पन्नास वर्षं रोज दिवस कलला की आट्यापाट्या होतात, आणि एकही दिवस माणसं कमी पडलेली नाहीत. जाहिरात नाही, बक्षीस नाही, साधा फळा नाही. मामांनी सांगितलं ते खरं आहे. त्यातल्या एकोणीस वर्षांचा मी साक्षीदार आहे.

"दाखव तुझं जग," बुवा म्हणाले.

त्याने मोबाइल पुढे धरला. मोबाइलमधल्या गोष्टींनी हरखून जाणारा मी माणूस नव्हे. पण तो महाल पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. तीनशेच्या वर खांब, एकासारखा दुसरा नाही. पायऱ्यांवरून उतरणारी नदी. भिंतीत कोनाडे, प्रत्येक कोनाड्यात दिवा. मागे अख्खं शहर, रस्ते सुतात.

"हे तू एकट्याने केलंस?"

"आठ महिने लागले."

मला त्या पोराबद्दल खरोखर आदर वाटला, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तो जरा ताठ बसला.

बुवांनी बराच वेळ पाहिलं.

"लई देखणं हाय."

"हो."

"ह्यात आता काय राहिलंय?"

"काहीच नाही. सगळं पूर्ण आहे."

"अरारा…" बुवा म्हणाले, कुणाच्या तरी दुखण्याची बातमी ऐकल्यासारखे.

मन्मथचा चेहरा उतरला. बुवांनी धोतराचा तुकडा झटकला आणि पुढची ओंजळ टाकली.

"आलेल्याला तू काय देतोस?"

"खूप देतो. घोडा, तलवार, राहायला तयार घर. आल्या आल्या."

"आणि त्याच्याकडून काय घेतोस?"

"काहीच नाही. सगळं फुकट आहे."

"पार काहीच नाही?"

"काहीच नाही, बुवा."

बुवा परत चाळायला लागले. मला या माणसाचं हेच आवडतं. दुसऱ्याचं वाक्य त्याच्याच कानात थोडा वेळ राहू देतात.

पण मन्मथला शांतता सोसत नव्हती. पहिल्या दिवशी तीनशे बारा माणसं आली, तो सांगू लागला. आठवड्याने चाळीस. पंधरवड्याने सहा. वेशीवर सत्तेचाळीस नियम लिहिलेत, म्हणजे कुणाला त्रास नको. जग ओस दिसू नये म्हणून त्याने वीस बाहुले करून सोडलेत. ते रस्त्यांवरून चालतात आणि समोर येणाऱ्याला नमस्कार म्हणतात.

"बाहुले?"

"खोटी माणसं. लांबून खऱ्यासारखीच वाटतात."

"आणि खरी किती यायलीत आता?"

"एक."

"एक," बुवा म्हणाले. त्यांच्या तोंडून तो आकडा लहान वाटला नाही.

पाच वाजायला आले. माणसं जमू लागली. दूध घालून आलेले, अभ्यास टाकून आलेले, नुसतेच आलेले. सत्तारभाई शिंपीही आले, वय बासष्ट, गुडघ्याला पट्टा बांधून. आट्यापाट्या ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या, त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक गडी. त्याने पाटी सोडायची नाही. बाकीच्यांनी त्याचा हात चुकवत एकेक पाटी ओलांडून पलीकडे जायचं. बस, एवढाच खेळ.

पाट्या आखतो आम्ही राखेने. चहाची जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे, तिच्या तोटीतून राख सोडायची. चाळलेली नसली तर तोटीत अडकते.

बुवांनी किटली भरली. उठले. रोजचंच विचारलं.

"आज नवा कोन?"

सगळ्यांनी मन्मथकडे पाहिलं.

बुवांनी किटली त्याच्या हातात दिली.

"मी पाहायला आलोय, बुवा. मला आखता येत नाही."

"हितं आखनाऱ्याला येतच नसतंय."

ही मठाची रीत आहे. पाट्या आखायच्या त्या सगळ्यात नव्या आलेल्याने. कुणी नवा नसला तर शेवटी जो नवा होता त्याने. एका कंपाउंडरने अशा सलग चार महिने आखल्या होत्या. आणि कशाही आखो, तिरप्या, तोकड्या, त्या दिवशीचा खेळ त्याच रेघांवर. मी आलो तेव्हा माझी चौथी पाटी सरळ चिंचेच्या मुळात जाऊन थांबली होती. ज्याच्या वाट्याला ती आली तो गडी अख्खी संध्याकाळ मुळाला ठेचकाळत होता. कुणी चकार शब्द काढला नाही. त्या कोपऱ्याला आजही पोस्टाचा कोपरा म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी आलो तो केवळ तो कोपरा आज कोण कसा आखतो ते पाहायला. तेव्हापासून येतोच आहे.

मन्मथने मात्र पोस्टखात्याचा कित्ता गिरवला नाही. मोबाइल काढला, पावलं मोजली, खुंट्या मारल्या, सुतळी ताणली. ऊन उतरत चाललं. माणसं उभी होती, एकानेही घाई केली नाही. नऊ पाट्या. कबूल करायला हवं, एकोणीस वर्षांत इतक्या सरळ पाट्या मी पाहिल्या नव्हत्या.

किटली ठेवून तो लिंबाखाली येऊन बसला. आता मजा बघू, अशा थाटात.

खेळ सुरू होईना.

"थांबलेत का सगळे?" त्याने मला विचारलं.

"पहिली पाटी आखणाऱ्याची असते," मी म्हणालो.

"मला खेळता येत नाही."

"पाटीवर उभं ऱ्हायाला काय येयाला लागतंय?" बुवा म्हणाले.

तो उभा राहिला. आणि एकामागून एक सगळे त्याला हूल देऊन गेले. चौथीतली एक मुलगी तर त्याच्या काखेखालून गेली. शहरातल्या माणसाला हरण्याची सवय असते, पण ती खुर्चीत बसून. त्याचे कान लाल झाले. शेवटी सत्तारभाई आले. डावीकडे झुकले, उजवीकडून निघाले. मन्मथने अंग झोकून दिलं आणि लांबलचक आडवा झाला.

उठला तर निम्मी पाटी पुसली होती. ती त्याच्या शर्टावर होती.

तो किटलीकडे धावला.

"ऱ्हाऊ दे," सत्तारभाई म्हणाले.

"अहो, पाटी बिघडली. नीट करतो."

"बिघडली कुठं? तू जिथवर पडलास तिथवर पाटी."

"म्हणजे?"

"म्हंजे तिथवर पाय ठेवायला तुला मुभा. आम्ही बघतो कसं जायाचं ते."

तो सत्तारभाईंकडे बघत राहिला. मग आपणच केलेल्या त्या फुगवट्यात जाऊन उभा राहिला. पुढच्या डावात त्याने दोघांना बाद केलं. दुसरे सत्तारभाई.

"तुझं नाव काय रे?" सत्तारभाईंनी धापा टाकत विचारलं.

"मन्मथ."

"आरं, मन्मथच्या पोटाकडून जाऊ नका," ते पलीकडच्यांना ओरडून म्हणाले, आणि सगळं मैदान हसलं. मन्मथही हसला. आला तेव्हापासून पहिल्यांदाच. दोन वेळा त्याने मागे वळून त्या फुगवट्याकडे पाहिलं. आपलं पोर रांगताना बघावं तसं.

खेळ संपल्यावर तो पाणी पिऊन लिंबाखाली बसला, अंगभर राख. मोबाइल उघडला.

"तो आलाय," तो म्हणाला. "माझा एक."

"कोन?" बुवांनी विचारलं.

"'रानवाट नऊ' या नावाने येतो. रोज साडेसहाला. महालामागे एक झाड लावतो आणि जातो."

"रोज एक?"

"हो. मी दोनदा काढून टाकली ती झाडं. नकाशात बसत नव्हती. परत लावतो."

बुवांचा हात दाढीवर थांबला.

"नाव काय त्याचं?"

"सांगितलं ना… रानवाट नऊ."

"नाव रे. आई हाक मारती ते."

"…माहीत नाही."

"हितं येऊन तुला किती वेळ झाला?"

"दोन तास."

मैदानातून निघालेली चौथीतली मुलगी जाता जाता म्हणाली, "जाते मी, मन्मथदादा."

त्याने मोबाइलवर लिहून त्याचं नाव विचारलं. वाट पाहिली. मग उत्तर आलं ते त्याने आम्हाला वाचून दाखवलं.

"तुम्ही खरे आहात का? की बाहुलाच?"

त्याने लिहिलं, "खरा आहे. हे जग मी बांधलं. माझं नाव मन्मथ."

मग आलं, "मी कुमुद. देवरुखला असते. इथे माझं नाव विचारणारे तुम्ही पहिलेच. तुमचं सगळं बांधून झालेलं होतं, मला करण्यासारखी झाडं तेवढी सापडली. पण कुणीतरी…"

इथे त्याचा आवाज थांबला. पुढचं त्याने मनातच वाचलं. मला वाईट वाटलं त्याचं. आठ महिने राबलेला पोरगा होता तो, वाईट नव्हता.

बुवांनी किटली उचलली, तोटीवर दोन टिचक्या मारल्या आणि आत गेले.

रविवारी तो साडेतीनलाच हजर. आदल्या दिवशीचाच शर्ट. मी आणि बुवा राख चाळत होतो.

"महाल पाडला," तो म्हणाला.

ते खांब माझ्या डोळ्यांपुढे आले.

"सगळा?" मी विचारलं.

"एक खांब ठेवला. कुमुदताईंनी ठेवायला सांगितला. त्यावर वेल चढवायचा म्हणतात."

"बाहुले?" बुवांनी विचारलं.

"काढले. घोडे, तलवारी बंद. नियम दोन ठेवलेत. वेशीजवळ पेठ कुठे बसवायची ते त्याच ठरवतात म्हणाल्या. ठरवली." तो थांबला. "तिरकी बसवलीय."

"नीट केलीस?"

"हात शिवशिवत होते, बुवा…"

"केलीस?"

"नाही."

बुवांनी धोतराचा तुकडा जरा जास्तच जोरात झुलवला. ओळखणाऱ्याला ओळखू येतं, ती त्यांची शाबासकी.

"आज सात माणसं आहेत," मन्मथ म्हणाला. "कुमुदताईंच्या भावाने मित्र आणले. एकजण पाण्याचा आड खणतोय. आड चौकोनी निघालाय. पण सोडत नाही, सकाळपासून बसलाय."

पाच वाजले. माणसं आली. त्या दिवशी, सुट्टी असूनही, गावात जमिनीच्या तातडीच्या मोजणीला एक गृहस्थ आले होते, ते गर्दी बघून मैदानाशी थांबले.

"आज नवा कोन?"

किटली मोजणीवाल्यांच्या हाती गेली. माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजून आलेला, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. पण साहेबांचा हात मोजणीच्या साखळीवाचून चालेना. पहिली पाटी लिंबाकडे निघाली आणि विहिरीकडे पोचली. दुसरी तिला भेटायला गेली. तिसरी मधेच विसरली गेली, आणि चौथीने तिचीही जागा घेतली. अख्खी किटली रिकामी झाली.

माझ्या शेजारी मन्मथ अर्धा उठला. त्याचे हात खरंच शिवशिवत होते, बोटं मला दिसत होती.

"बस," बुवा म्हणाले. "आज तू जुना."

तो बसला. थोड्या वेळाने उठला, पण किटलीकडे गेला नाही. मोजणीवाल्यांकडे गेला आणि म्हणाला, "दादा, नाव काय तुमचं? पहिली पाटी तुमचीच आहे, या."

"नागनाथ खुणे," ते म्हणाले. एवढ्या वाकड्या पाट्या आखूनही कुणी काहीच म्हणत नाही, म्हणून ते जरा गोंधळले होते. सातव्या डावात ते इतके हसले की पाटीवरच बसून राहिले. परवाही मोजणी आहे इथे, असं जाताना दोनदा सांगून गेले. कुणी विचारलं नव्हतं.

मी बुवांकडे पाहिलं. पन्नास वर्षं हा माणूस रोज नवी राख आणि नवा माणूस शोधतो आहे. मी सरकारी नोकरीत पुष्कळ मोठी माणसं पाहिली. या माणसाइतकं मोठं कुणी नव्हतं, हे मला इथे स्पष्ट लिहून ठेवायचं आहे.

किटली रिकामी होती, म्हणून उद्यासाठी आम्ही पुन्हा चाळायला बसलो. बुवांकडची दोन टोकं बुवांकडे, माझी माझ्याकडे. मन्मथ समोर मांडी घालून बसला. त्याच्या हातात मोबाइल होता, पण तो बंद होता.

"बुवा."

"हं."

"उद्या सोमवार."

"हाय की."

"कंपनीला कळवायचंय. तीनशे बारावरून सातावर आलोय. सात माणसं, बुवा. त्यातली तीन उद्या येतील की नाही, माहीत नाही. सात माणसांसाठी राहू का? काय लिहू त्यांना?"

धुनीतला एक कोळसा फुटला. सत्तारभाई सायकलची साखळी बसवत होते, तेही थांबले.

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"पोस्टमास्तर, सोडा."

क्षणभर मला कळलं नाही. मग कळलं. एकोणीस वर्षं धरलेली टोकं होती ती. बोटं थोडी रेंगाळली, लपवत नाही. पण मी सोडली.

मन्मथने मोबाइल खिशात घातला, पुढे सरकला आणि ती दोन टोकं धरली. पहिल्याच झोक्याला निम्मी राख त्याच्या मांडीवर सांडली. तो ती झटकायला गेला, तर कापड सुटायला लागलं, तेव्हा त्याने राख तशीच राहू दिली.

बुवांनी आणखी एक ओंजळ मधे टाकली.

"उद्या जरा लवकर ये," ते म्हणाले. "राख लई हाय."